प्रसूती रजा संपताना: नोकरी, बाळ आणि घर यांची घडी कशी बसवावी

प्रसूती रजा संपायला महिना उरला की घरात एकच प्रश्न वारंवार निघतो: बाळाला कोण बघणार? प्रश्न रास्त आहे, पण तो अपुरा आहे. तुम्ही घरी किती वाजता पोहोचणार, बाळाला ताप आला तर त्या दिवशी रजा कोण घेणार, लसीची तारीख कोण लक्षात ठेवणार आणि संध्याकाळी सातनंतर कार्यालयातून फोन आला तर काय करायचे, हेही आधीच ठरावे लागते.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्ट भागातल्या एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात काम करते. पहिल्या बाळंतपणानंतर यातले काहीही न ठरवता मी रुजू झाले. ‘होईल हळूहळू सवय’ असे सगळेच म्हणत होते आणि मलाही तसेच वाटत होते. सातव्या आठवड्यात बाळ, मी आणि माझी आई अशा तिघीही आजारी पडलो, रजा शिल्लक नव्हती, आणि एका रात्री मी राजीनामा लिहायला बसले. दुसऱ्या मुलाच्या वेळी नोकरी तीच होती, घर तेच होते आणि लोकलही तीच होती. बदलली ती फक्त तयारी, आणि तेवढ्याने घडी बसली. म्हणून पहिल्यांदा परतणाऱ्या प्रत्येकीला मी कळकळीने सांगते की, ही घडी निर्धाराने बसत नाही. वेळा ठरवाव्या लागतात, त्या लिहून घ्याव्या लागतात आणि एकेक जबाबदारी एकेका माणसाच्या नावावर करावी लागते.

1. रजेचा हिशेब तारखेनिशी मांडा

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आधीच दोन अपत्ये असतील तर ही रजा 12 आठवड्यांची असते. रजेच्या हक्कासाठी अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या आस्थापनेत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. पूर्वीची 12 आठवड्यांची मुदत 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांवर गेली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच ठेवली आहे.

बहुतेक जणी इथेच फसतात. 26 आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आपण घरी असू, असे मनात धरलेले असते. प्रत्यक्षात प्रसूतीपूर्वी तीन आठवडे घरी बसलात, तर नंतरचे 23 आठवडेच उरतात आणि रुजू होण्याच्या दिवशी बाळ जेमतेम सव्वापाच महिन्यांचे असते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधाची शिफारस करते, आणि आपल्याकडचे उष्टावणही साधारण त्यानंतरच होते. म्हणजे तीन-चार आठवडे असे येतात की, तुम्ही कार्यालयात आहात आणि बाळ अजून केवळ दुधावर आहे. हे अंतर भरून काढायला हक्काची शिल्लक रजा जोडता येते का, ते गरोदरपणीच विचारून ठेवा. बाळंतपणातून उद्भवलेले आजारपण किंवा बाळाचा अकाली जन्म अशा कारणांसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळण्याची तरतूद आहे. ती अनेकींना ठाऊकच नसते.

2. रुजू होण्याच्या सहा आठवडे आधी कार्यालयाशी लेखी बोला

बोलण्यापूर्वी आपले हक्क कोणते आणि विनंती कोणती, हे वेगळे करून घ्या. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळणे, हा हक्क आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा असणे, हाही हक्क आहे. रजा संपल्यावर घरून काम करणे मात्र कामाच्या स्वरूपावर आणि दोन्ही बाजूंच्या संमतीवर अवलंबून आहे, त्यामुळे ती विनंतीच समजावी आणि नेमक्या शब्दांत करावी.

पहिल्या वेळी मी साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या विचारले, ‘थोडे लवकर निघाले तर चालेल ना?’ ते ‘हो, हो’ म्हणाले. पुढे साहेब बदलले आणि त्या होकाराचा माग कुठेच राहिला नाही. दुसऱ्या वेळी मी ईमेलमध्ये लिहिले: ‘मी अमुक तारखेला रुजू होत आहे. त्या दिवसापासून तीन महिने माझी कामाची वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 5:30 अशी असावी आणि दर बुधवारी घरून काम करण्यास मान्यता मिळावी. महिनाअखेरच्या शेवटच्या तीन दिवसांत मी पूर्णवेळ कार्यालयात उपलब्ध राहीन.’ या शेवटच्या वाक्यामुळे मान्यता मिळाली, असे माझे मत आहे. हिशेब विभागाचा भार महिनाअखेरीस असतो, हे वरिष्ठांनाही दिसत होते आणि मी तो टाळत नाही, हेही दिसले. तुमच्या कामातली अशी अडचणीची वेळ कोणती, ती शोधा आणि तिची हमी आपणहून द्या.

एका गोष्टीपासून सावध राहा. ‘तुला त्रास नको’ असे सांगून तुमचे महत्त्वाचे काम दुसऱ्याकडे सोपवले जाऊ शकते. माझ्या बाबतीत पहिल्या वेळी सर्वांत मोठ्या ग्राहकाचा हिशेब असाच काढून घेतला गेला आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘जबाबदारी कमी’ असा शेरा आला. वेळेत सवलत मागितली म्हणजे कामाची पातळी खाली आणायला संमती दिली, असा अर्थ होत नाही. तेव्हा रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्याकडची कामे लेखी मागून घ्या.

या टप्प्यावर हाताशी ठेवायची कागदपत्रे:

- नेमणूक पत्र आणि कार्यालयाचे रजा धोरण
- प्रसूती रजेचा मंजूर अर्ज आणि शिल्लक रजांचा तपशील
- बाळाचा जन्म दाखला आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद
- स्वतःच्या प्रकृतीबाबत काही बंधने असतील तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र
- वेळेबाबत झालेला सगळा ईमेल व्यवहार, स्वतःच्या खासगी खात्यात प्रत ठेवून

3. पाळणाघर बघायला संध्याकाळी पाच वाजता जा

सकाळी अकराला कोणतेही पाळणाघर नीटनेटके दिसते. संध्याकाळी पाचला मुले कंटाळलेली असतात, मावश्या थकलेल्या असतात आणि भुकेची रडारड सुरू झालेली असते. त्या वेळी तिथे कोण कसे वागते, ते पाहावे. मी दोन जागा पाहिल्या. पहिलीच्या भिंतींवर चित्रे होती, गाद्या नव्या होत्या, पण मोरीजवळच्या एकाच टबमध्ये कोमट पाण्यात पाच-सहा दुधाच्या बाटल्या एकत्र पडलेल्या होत्या आणि एकीवरही नाव नव्हते. दुसरी जागा दोन खोल्यांची, जुन्या फरशीची. तिथे प्रत्येक बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने मुलाचे नाव होते. खिळ्याला सुतळीने एक रेघांची वही टांगलेली होती. तिच्यात मावशींनी दूध किती वाजता दिले, किती उरले आणि झोप किती झाली, हे मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत रोज लिहिलेले होते. मी मागची वीसेक पाने उलटून पाहिली. एकही दिवस कोरा नव्हता. माझा मुलगा त्या दुसऱ्या जागी दोन वर्षे राहिला.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके असावेत. एक वर्षाखालील किती बाळांमागे एक मावशी आहे? मुलाला न्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवली जाते? ताप आल्यास किती वेळात फोन येतो? गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात पाळणाघर किती दिवस बंद असते? लोकल खोळंबली तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत मूल सांभाळतात? शेवटचा प्रश्न उपनगरात राहणाऱ्यांनी विसरू नये, कारण पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की दोन-दोन तास गाडी हलत नाही. पाळणाघर घराजवळ, शक्यतो स्टेशनवरून येतानाच्या वाटेवर असावे. कार्यालयाजवळचे पाळणाघर कागदावर सोयीचे वाटते, पण गर्दीच्या वेळी तान्ह्या मुलाला घेऊन लोकलने रोजचा प्रवास करणे धोक्याचे आहे. घराजवळ खासगी सोय परवडत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतील अंगणवाडीला जोडलेले पाळणाघर आपल्या भागात आहे का, याची अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा. तिथे सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले घेतात.

रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी बाळाला तिथे न्यायला सुरुवात करा: आधी तुमच्यासह तासभर, मग तुमच्याशिवाय तासभर, मग एका झोपेपुरते, मग अर्धा दिवस. पाळणाघरात द्यायच्या फाईलमध्ये लसीकरणाच्या नोंदींची प्रत, बाळाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची छायाचित्रे, बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक आणि औषध देण्याबाबतची तुमच्या सहीची चिठ्ठी असावी.

आई किंवा सासूबाई बाळाला सांभाळणार असतील, तर हा टप्पा संपला असे समजू नका. पहिल्या वेळी माझी आई सांभाळत होती. सकाळी सात ते रात्री आठ, आठवड्यातून सहा दिवस, असे तेरा तास ती गुडघेदुखी सोसून बाळाला कडेवर घेत होती आणि मी एकदाही तिला विचारले नाही. ती नाही म्हणत नाही म्हणजे तिला जमते आहे, असे मी धरून चालले. आजीचेही तास ठरवा, तिच्या सुट्टीचा दिवस ठरवा, आणि वरच्या कामाला बाई ठेवणे परवडत असेल तर तो खर्च आधी करा.

4. दुधाची तयारी रुजू होण्यापूर्वी तीन आठवडे

हाताने किंवा पंपाने दूध काढायचा सराव आधीच हवा. पहिल्या दिवशी कार्यालयात शिकायला गेलात, तर दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते आणि कपडे भिजतात. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात घरातले तापमान याहून बरेच जास्त असते, म्हणून ते लगेच थंड करणे उत्तम. शीतकपाटात ते चार दिवस राहते, आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पिशवीत 24 तासांपर्यंत. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, शीतकपाटाच्या दारात न ठेवता आत खोल ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली धरली की पुरे. बाळाने पिऊन उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

कार्यालयात कडी असलेली, स्वच्छ खोली मागा. स्वच्छतागृहात दूध काढण्याची वेळ कोणावर येऊ नये, आणि तशी सूचना कोणी केल्यास ती स्पष्ट शब्दांत नाकारा. बैठकांच्या वेळापत्रकात या दोन सुट्ट्या आधीच टाकून ठेवल्या की रोज नव्याने परवानगी मागावी लागत नाही.

5. घरातले काम वाटू नका, जबाबदारी वाटा

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे सरासरी 289 मिनिटे बिनमोबदला घरकामात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटे. यात मुलांची काळजी घेण्याचा वेळ धरलेला नाही, तो निराळा. नोकरीचे तास आणि लोकलचे तास यांच्यावर ही 289 मिनिटे रचली, तर झोपेला वेळ उरत नाही. घडी विस्कटते ती इथे, आणि कार्यालयाने कितीही सवलत दिली तरी हा हिशेब घरातच सोडवावा लागतो.

आमच्या घरी पहिल्या वेळी पती मदत करत असत. सांगितले की करत. पण सांगण्याचे काम माझेच होते: दूध संपत आले आहे, डायपर आणायचे आहेत, मंगळवारी लस आहे. हात दोघांचे आणि डोके माझे, असा तो प्रकार होता. दुसऱ्या वेळी आम्ही स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवला आणि प्रत्येक काम आरंभापासून शेवटापर्यंत एकाच नावावर लिहिले. लसीकरण पूर्णपणे त्यांच्या नावावर गेले: तारीख लक्षात ठेवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, अर्ध्या दिवसाची रजा टाकणे, रात्री ताप आला तर उठणे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी मी घरी असताना झाल्या होत्या; नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस ही त्यांची पहिली. तारीख उलटून बारा दिवस झाले तरी मी गप्प राहिले. ती लस नऊ महिने पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत देतात, हे मला ठाऊक होते, म्हणूनच गप्प राहणे शक्य झाले. तेराव्या दिवशी त्यांच्याच लक्षात आले. ‘आठवण का नाही केलीस?’ असे त्यांनी विचारले, आणि विचारता विचारताच ते थांबले. त्यानंतरच्या सगळ्या तारखा त्यांच्या फोनमध्ये आहेत, माझ्या नाहीत.

हा कागद करताना तिसरा रकाना ठेवा: सोडून द्यायची कामे. आम्ही घरच्या कपड्यांची इस्त्री सोडली, रात्रीची दुसरी भाजी सोडली आणि वर्षभर पाहुण्यांना जेवायला बोलावणे सोडले. पोळ्या बाईंकडून, रविवारी दोघांनी मिळून वाटणे आणि खवलेला नारळ, भिजवलेली कडधान्ये, बाळासाठी नाचणीसत्त्व. बाकीचे आठवडाभर वरणभातावर निभते. नातेवाइकांना हे रुचेलच असे नाही. त्यांना समजावण्याचे काम ज्याचे नातेवाईक त्याच्याकडे असावे.

आणखी एक सूचना पतीच्या रजेबाबत. केंद्र सरकारी नोकरीत पितृत्व रजा 15 दिवसांची आहे; खासगी क्षेत्रात मात्र ती कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे बहुतेकांना हक्काच्या रजेतूनच दिवस काढावे लागतात. ते सगळे दिवस बाळाच्या जन्मावेळी संपवू नयेत, कारण तेव्हा घरात आजी, मावशी, आत्या असतात. तुम्ही रुजू होता त्या आठवड्यासाठी किमान पाच दिवस राखून ठेवावेत.

6. गुरुवारी रुजू व्हा

सोमवारी रुजू झालात तर पहिलाच आठवडा सहा दिवसांचा पडतो. गुरुवारी रुजू झालात तर दोन-तीन दिवसांत विश्रांतीचा दिवस येतो आणि काय चुकते आहे ते पाहून दुरुस्त करता येते. निघण्याची वेळ एकदा ठरली की ती लोकलच्या वेळेसारखी पाळा. मी साडेपाचला संगणक बंद करते, कारण सहाच्या सुमाराची कल्याण जलद लोकल चुकली की पुढच्या गाडीत चढायलाच मिळत नाही आणि घरी पोहोचायला साडेआठ होतात. निघताना पाच मिनिटांचा निरोप लिहून ठेवते: काय पूर्ण झाले, काय उद्या होईल, आज तातडीचे काही निघाल्यास फाईल कुठे आहे. या निरोपामुळे संध्याकाळचे फोन निम्म्याहून कमी झाले.

बाळ झोपल्यावर लॅपटॉप उघडण्याची सवय हा सर्वांत मोठा सापळा आहे. पहिल्या वेळी मी रोज रात्री साडेदहाला बसत असे, बाराला झोपत असे आणि दोनला बाळ उठत असे. आता आठवड्यातले दोन दिवस ठरलेले आहेत, मंगळवार आणि गुरुवार, तेही फक्त तासभर. बाकीच्या दिवशी फोन दिवाणखान्यात राहतो.

7. बाळाच्या आजारपणाचे दिवस आधीच मोजून ठेवा

पाळणाघराच्या पहिल्या काही महिन्यांत सर्दी, खोकला, ताप वारंवार होतात, आणि तेव्हा पाळणाघर बाळाला घेत नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा असते. दोघांच्या मिळून सोळा. त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या, ते ठरवा. आमच्याकडे पहिला दिवस पती घेतात, दुसरा मी, तिसऱ्या दिवशी आई येते. महिनाअखेर असेल तर पहिले दोन्ही दिवस त्यांचे. सकाळी सहाला तापमापी हातात धरून ‘आज कोण थांबणार’ यावर वाद घालण्याची वेळ येत नाही, एवढा या क्रमाचा उपयोग आहे.

8. स्वतःच्या प्रकृतीला पुढची तारीख देऊ नका

रात्रीची झोप वाटून घ्या. दुपारचे काढलेले दूध असल्यास रात्री दोनपर्यंतची जाग एकाची, नंतरची दुसऱ्याची, असे करता येते, आणि सलग चार-पाच तासांची झोप मिळाली की दुसरा दिवस निभतो. रडू येत राहणे, कशातच मन न लागणे, बाळाविषयी ओढ न वाटणे किंवा स्वतःविषयी वाईट विचार येणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो कामाचा शीण समजू नका. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोला. तो फोन मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आल्यास दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे जा.

9. तीन महिन्यांनी सगळे पुन्हा तपासा

कार्यालयाकडून घेतलेली मान्यता तीन महिन्यांची असेल, तर ती संपण्याच्या पंधरा दिवस आधी पुढचे पत्र द्या आणि त्यात या काळात पूर्ण केलेली कामे तारखांसह लिहा. दारामागचा कागदही त्याच रविवारी काढून नवा लिहा, कारण तोपर्यंत बाळ रांगू लागलेले असते, दूध काढण्याच्या दोन वेळांची एक झालेली असते आणि दुपारच्या डब्यात मऊभात आलेला असतो. आमच्या दुसऱ्या कागदावर आईचे नाव बुधवार आणि शनिवारसमोरून काढले. बुधवारी मी घरून काम करते आणि शनिवारी पती बाळाला सांभाळतात. आई त्या दोन दिवशी आता गुडघ्यांच्या व्यायामाला जाते.